गेम फिका दिसतोय? नवं कार्ड घेण्याआधी काळा रंग तपासा

माझा भाचा सांगलीला असतो. गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे गेलो तर दारातच म्हणाला, "मामा, ग्राफिक्स कार्ड बदलायला लागतंय. अंधारात समोरचा दिसतच नाही, आणि सगळं कसं धुरकट धुरकट." कार्ड जेमतेम दीड वर्षाचं, मॉनिटर 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 चित्रं दाखवू शकणारा, पैसे साठवून घेतलेला. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. पडद्यावर रात्रीची गल्ली होती, पण तिथला काळोख काळा नव्हताच. चुलीतली थंड राख असते तसा करडा होता. शंका तिथेच आली. कार्डाची ताकद कमी पडली तर गेम अडखळतो, रखडतो. काळ्याचा करडा होत नाही.

अर्ध्या तासात तीन गोष्टी सापडल्या. मॉनिटर आणल्या दिवसापासून 60 हर्ट्झवरच चालत होता. केबलमधून रंगांचा पल्ला छाटून येत होता. आणि या दोन्हींवर उतारा म्हणून पोरानं कुठलातरी व्हिडिओ बघून रंग भरमसाट भडक करून ठेवले होते. तिन्ही दुरुस्त झालं, खर्च शून्य. गेम खेळणारी पोरंपोरी आधी पैशाचा विचार करतात आणि सेटिंगचा शेवटी, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून त्याला जे सांगितलं ते जरा विस्तारानं इथे लिहितो.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. चित्र कार्डात तयार होतं, केबलमधून जातं आणि मॉनिटर ते दाखवतो. तपासणीही त्याच वाटेनं करायची: आधी वाट नीट आहे का, मग काळा-पांढरा, मग रंग, आणि गेमच्या आतल्या सेटिंग सगळ्यात शेवटी. आपण बहुतेक वेळा उलटीकडून सुरुवात करतो आणि गुंता वाढवतो.

केबल आणि हर्ट्झ

पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो, तो आकडा म्हणजे रिफ्रेश रेट. 60 हर्ट्झवर दर 16.7 मिलिसेकंदांनी चित्र बदलतं, 144 वर दर 6.9 मिलिसेकंदांनी. माउस झटकन फिरवल्यावर भिंतीच्या कडा किती स्पष्ट राहतात, ते यावर ठरतं. कार्ड सेकंदाला दोनशे फ्रेम, म्हणजे चित्रं, बनवत असलं तरी पडदा साठच दाखवणार असेल, तर बाकीचं काम डोळ्यांपर्यंत पोचतच नाही.

नवा मॉनिटर जोडला की विंडोज बऱ्याचदा 60 वरच थांबतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. तिथे रिफ्रेश रेटची यादी मिळेल. यादीत 144 दिसतच नसेल तर वाकून पीसीच्या डब्याच्या मागे बघा. उभ्या डब्यात वरच्या बाजूला यूएसबीच्या शेजारी जी एचडीएमआयची जागा असते, ती मदरबोर्डची, म्हणजे पीसीतल्या मुख्य पाटीची. ग्राफिक्स कार्डाच्या जागा खाली, आडव्या रांगेत असतात. केबल वरच्या जागेत खुपसली असेल तर एवढं महागाचं कार्ड असून गेम प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चालतो, किंवा कार्डानं बनवलेलं चित्र वळसा घेऊन येतं. दुकानातून आणलेला पीसी घरी जोडताना ही चूक फार सहज होते. केबल खालच्या जागेत लावा, आणि डिस्प्लेपोर्टची, म्हणजे एचडीएमआयसारखीच पण वेगळ्या जातीची केबल लावायची, सोय असेल तर तीच वापरा, कारण पुष्कळ मॉनिटरांवर एचडीएमआयची कमाल मर्यादा डिस्प्लेपोर्टपेक्षा कमी असते.

काळा आणि पांढरा

आता मुख्य मुद्दा. इथे घाई करू नका.

संगणक प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे पाठवतो, प्रत्येक 0 ते 255 मधला. तिन्ही शून्य म्हणजे काळा, तिन्ही 255 म्हणजे पांढरा. टीव्हीच्या दुनियेत मात्र पूर्वीपासून वेगळा रिवाज आहे: तिथे काळा 16 वर आणि पांढरा 235 वर. पहिल्याला फुल रेंज म्हणतात, दुसऱ्याला लिमिटेड. कार्ड आणि पडदा एकच भाषा बोलत असतील तर दोन्ही पद्धती चालतात. पण एचडीएमआयनं जोडलेल्या मॉनिटरला कार्ड कधीकधी टीव्ही समजतं आणि लिमिटेड पाठवतं. मॉनिटर बिचारा फुल समजून 16 ला 16 च दाखवतो. म्हणजे काळ्याच्या जागी करडा आणि पांढऱ्याच्या जागी मळकट पांढरा. भाच्याच्या गल्लीतली राख ती हीच.

याच्या उलटही होतं. कार्ड फुल पाठवतंय आणि हॉलमधला टीव्ही लिमिटेड समजतोय, अशा वेळी 16 च्या खालचं सगळं एकच काळं होतं आणि अंधारातला शत्रू खरोखरच गायब होतो.

कार्ड एनव्हिडिया कंपनीचं असेल तर तिच्या कंट्रोल पॅनलमध्ये चेंज रिझोल्यूशनच्या पानावर खाली आउटपुट डायनॅमिक रेंज असते. ती फुल करा. एएमडी कंपनीचं असेल तर तिच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेखाली पिक्सेल फॉरमॅट मिळेल, तिथे आरजीबी 4:4:4 आणि फुल असा पर्याय निवडा. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीच्या मेन्यूतली ब्लॅक लेव्हलही त्याला जुळवून घ्या आणि गेम मोड चालू करा. त्यामुळे टीव्हीची आतली चित्रसफाई बंद होते आणि बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंतचा उशीर कमी होतो.

हे जमलं का, ते ओळखायला घरच्या घरी एक पट्टी तयार करता येते. मी भाच्याला पेंटमध्येच करायला लावली. पान पूर्ण काळं भरायचं, तिन्ही आकडे शून्य. त्यावर पाच चौकोन काढायचे: पहिल्यात तिन्ही आकडे 2, दुसऱ्यात 5, मग 10, 15 आणि 20. चित्र पूर्ण पडद्यावर उघडायचं, खोलीतला दिवा मंद करायचा आणि निवांत बघायचं. सगळं ठीक असेल तर 20 आणि 15 सहज दिसतात, 10 ही दिसतो, 5 जेमतेम जाणवतो आणि 2 साठी डोळे ताणावे लागतात. 15 पर्यंतचे सगळे चौकोन काळ्यात बुडाले तर पल्ल्याची गल्लत आहे किंवा मॉनिटर काळा दाबतोय. सगळे चौकोन दिसताहेत पण पार्श्वभूमीच करडी आहे, तर गल्लत उलट्या दिशेची आहे. आमच्याकडे हेच झालं होतं. फुल निवडल्याबरोबर मागचा काळा एकदम खोल गेला आणि पोरगं नुसतं "अरे!" म्हणालं.

अशीच एक पांढरी पट्टी करा: पान 255 चं, चौकोन 253, 250, 245 आणि 240 चे. शेवटचे दोन तरी वेगळे दिसायला हवेत. नसतील दिसत तर मॉनिटरवरचा कॉन्ट्रास्ट हळूहळू खाली आणा. कॉन्ट्रास्ट जास्त असला की ढग, बर्फ, पांढऱ्या भिंती यांतला तपशील जळून जातो.

मॉनिटरवरच्या ब्राइटनेसबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. एलसीडी मॉनिटरवर ही सेटिंग बहुधा मागच्या दिव्याची असते. ती वाढवून अंधारातलं काही नवं दिसत नाही; काळा आणि पांढरा दोन्ही सारखेच उजळतात. ती खोलीच्या उजेडाप्रमाणे ठेवायची. पांढरं पान उघडून पडद्याशेजारी कोरा कागद धरा. पडदा कागदापेक्षा दिव्यासारखा चमकत असेल तर ब्राइटनेस जास्त आहे. ट्यूबलाइट तुमच्या पाठीमागे असेल तर तिचं प्रतिबिंब थेट पडद्यावर पडतं आणि कितीही सेटिंग केल्या तरी काळोख पांढुरकाच दिसतो. अशा वेळी टेबलच फिरवा.

गॅमा म्हणजे नेमकं काय

हा शब्द प्रत्येक गेममध्ये दिसतो आणि फार थोडे जण तो समजून हलवतात.

आकडा निम्मा केला म्हणून पडद्यावरचा उजेड निम्मा होत नाही. कुठल्या आकड्याला किती उजेड द्यायचा, हे ठरवणारा नियम म्हणजे गॅमा. 255 चा निम्मा म्हणजे 128. नेहमीच्या 2.2 गॅमावर 128 ला पूर्ण उजेडाच्या फक्त 22 टक्के उजेड मिळतो. हे मुद्दाम असं ठेवलंय. आपला डोळा अंधारातले बारीक फरक चटकन ओळखतो आणि लख्ख उजेडातले फरक त्याला फारसे कळत नाहीत. दिवे गेल्यावर घरात एक पणती लावली तर केवढा फरक पडतो, आणि भर दुपारी अंगणात तीच पणती लावली तर कळतही नाही! म्हणून उपलब्ध 256 पायऱ्यांपैकी जास्त पायऱ्या गडद बाजूला दिल्या आहेत. जुन्या काचेच्या ट्यूबचे पडदेही निसर्गतःच साधारण असेच वागायचे, त्यामुळे ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली. संगणकाच्या पडद्यांसाठी 1996 मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी हे रंगमान मांडलं, त्याचा गॅमाही 2.2 च्या आसपासच आहे.

मॉनिटरवर गॅमा 2.2 चा 1.8 केलात तर काय होईल? 20 आकड्याची गडद छटा घेऊ. 2.2 वर तिला पूर्ण उजेडाच्या 0.4 टक्क्यांहून किंचित कमी उजेड मिळतो, 1.8 वर सुमारे 1 टक्का. जवळजवळ पावणेतीनपट! कोपऱ्यात दबा धरून बसलेला गडी उठून दिसायला लागतो तो यामुळे. काही मॉनिटरांत गडद भाग उजळण्याची खास सोय असते, बेनक्यूच्या मॉनिटरांतलं ब्लॅक इक्वलायझर हे त्यातलं ओळखीचं नाव. स्पर्धेच्या गेमसाठी हे उपयोगी आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते: चित्राची खोली जाते, रात्र दुपारसारखी दिसते. म्हणून मॉनिटरच्या मेन्यूत दोन वेगळे मोड बनवून ठेवा. कथेच्या गेमसाठी 2.2, स्पर्धेच्या गेमसाठी हवा तर थोडा कमी.

गेम पहिल्यांदा उघडल्यावर "खूण जेमतेम दिसेपर्यंत पट्टी सरकवा" असं सांगणारा पडदा येतो. तो घाईघाईनं पुढे ढकलू नका. काळी पट्टी नीट झाल्यावरच हा पडदा खरं सांगतो. आधीच गडबडलेल्या मॉनिटरवर केलेली ही जुळणी चुकीवर चूक असते.

रंग

शुभ्र रंगाचं ठरलेलं माप 6500 केल्विन आहे. आकडा वाढला की पांढरा निळसर होतो, कमी झाला की पिवळसर. बरेच मॉनिटर कारखान्यातून थोडे निळसर येतात, कारण शेजारी शेजारी ठेवले तर निळसर पांढरा जास्त झगझगीत वाटतो. मेन्यूत 6500, वॉर्म किंवा एसआरजीबी मोड असेल तर तो लावून दोन दिवस राहा. पहिल्या तासाला पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो आणि माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसतात. रंग तपासताना विंडोजचं नाइट लाइट, म्हणजे रात्री पडदा पिवळसर करणारी सोय, बंद असल्याची खात्री करा. पिवळटपणाचा दोष मॉनिटरवर येतो आणि चोर भलताच निघतो.

डिजिटल व्हायब्रन्स ही एनव्हिडियाची रंग गडद करण्याची पट्टी. तिची मूळ जागा 50. एएमडीत तसंच सॅच्युरेशन असतं, मूळ 100. भाच्यानं व्हायब्रन्स 100 ला नेऊन ठेवला होता. गेममधल्या विटांच्या भिंतीकडे बोट दाखवून त्याला विचारलं, "यात किती विटा दिसतात?" एकही सुटी दिसत नव्हती, सगळा एक लाल ठोकळा. कारण उघड आहे. रंग ताणला की लालचा आकडा 255 ला जाऊन टेकतो, त्यापुढे जागाच नसते. मग 230 ची वीट आणि 250 ची वीट एकच होतात. पट्टी 50 वर आणली आणि विटांमधली चुन्याची रेघसुद्धा दिसायला लागली. नेमबाजीच्या गेममध्ये समोरचा पटकन दिसावा म्हणून 60–65 पर्यंत नेणारे पुष्कळ आहेत, तेवढं चालतं.

ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यांनी मात्र यात अजिबात संकोच करू नये. हा दोष स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त असतो, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि कित्येकांना तो आपल्याला आहे हे मोठेपणीच कळतं. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये शत्रूभोवतीची कड मुळात लाल असते, ती पिवळी किंवा जांभळी करता येते. दोष नसलेल्यांनीही पिवळी करून बघावी, हिरव्यागार आणि विटकरी जागांमध्ये ती जास्त चटकन डोळ्यांत भरते.

गेमच्या आतलं

इथे सगळ्यांची एकच सवय: "अल्ट्रा" किंवा "लो", दोन टोकं. खरं तर प्रत्येक सेटिंगचं ओझं वेगळ्या जागी पडतं.

टेक्स्चर म्हणजे वस्तूंवर चढवलेलं कातडं. ते कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत, म्हणजे व्हीरॅममध्ये राहतं. मेमरीत मावत असेल तोवर टेक्स्चर वाढवून वेग फारसा कमी होत नाही. मावेनासं झालं की गेम गचके खायला लागतो. अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग सरळ 16 वर ठेवा. त्यानं लांब पसरलेला रस्ता दूरपर्यंत रेखीव राहतो आणि ओझं नगण्य. जड असतात त्या सावल्या, पाण्यातली आणि काचेतली प्रतिबिंबं, धुकं आणि प्रकाशाचे झोत, आणि सगळ्यांत जड रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा हिशेब करून चित्र बनवणं. सावल्या अल्ट्रावरून हायवर आणल्या तर खेळताना फरक शोधून सापडत नाही, फ्रेम मात्र वाढलेल्या दिसतात. मोशन ब्लर, फिल्म ग्रेन आणि क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन मी सगळीकडे बंद करतो. पहिलं चित्र पुसट करतं, दुसरं त्यावर कॅमेऱ्याच्या फिल्मसारखे कण टाकतं, तिसरं कडांना रंगीत झालर लावतं. एवढं जपून स्वच्छ केलेलं चित्र पुन्हा मळवायचं कशाला?

रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळ असेल तेच ठेवा. 1080पी म्हणजे 20 लाख 73 हजार 600 ठिपके, 4के म्हणजे त्याच्या बरोबर चौपट. वेग कमी पडला तर विंडोजमध्ये रिझोल्यूशन उतरवण्यापेक्षा गेममधलं डीएलएसएस, एफएसआर किंवा एक्सईएसएस वापरा. हे गेम लहान आकारात बनवतात आणि मग हुशारीनं मोठा करतात; आकडेवारी आणि नकाशे मात्र मूळ रिझोल्यूशनमध्ये कोरीव राहतात. 1080पी मॉनिटरवर क्वालिटी पर्याय निवडला तरी आतलं चित्र 1280 बाय 720 एवढंच असतं, म्हणून तिथे विजेच्या तारा, जाळ्या आणि गवत थरथरताना दिसलं तर नवल नाही. 1440पी किंवा 4के वर हे तंत्र जास्त शोभतं.

कार्ड बदलायचा विचार असेल तर त्याआधी ही परीक्षा घ्या. गेममधलं रिझोल्यूशन मुद्दाम बरंच खाली आणा आणि फ्रेमचा आकडा बघा. तो उडी मारून वाढला तर अडचण खरंच कार्डाची होती. जागचा हलला नाही तर कार्ड मोकळंच बसलंय आणि दमतोय तो प्रोसेसर, किंवा रॅमची एकच पट्टी बसवल्यामुळे तो अडकतोय. अशा पीसीत नवं कार्ड टाकलं तर पैसे पाण्यात.

चित्र मधूनच आडवं चिरल्यासारखं दिसणं, म्हणजे टिअरिंग. पडदा एक चित्र दाखवत असताना मध्येच कार्डानं पुढचं सोपवलं की वरचा भाग जुना आणि खालचा नवा दिसतो. व्ही-सिंक ते थांबवतं पण हालचालीत उशीर आणतं. फ्रीसिंक किंवा जी-सिंकमध्ये पडदाच कार्डाच्या तालावर चालतो, म्हणून ते मॉनिटरच्या मेन्यूत आणि कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, दोन्हीकडे चालू करा, आणि 144 च्या पडद्यावर फ्रेमची मर्यादा 140 च्या आसपास बांधा. मर्यादा बांधल्यानं उन्हाळ्यात कार्ड तापतही कमी.

लॅपटॉपवाल्यांसाठी

चार्जर लावल्याशिवाय खेळू नका. बॅटरीवर कार्ड मुद्दाम हात आखडतं. चित्राचा उजेड आपोआप कमीजास्त होत असेल तर ती वीज वाचवण्याची सोय आहे. एएमडीत तिचं नाव व्हॅरी-ब्राइट, इंटेलमध्ये डिस्प्ले पॉवर सेव्हिंग. दोन्ही बंद करा. स्वस्त गेमिंग लॅपटॉपच्या माहितीपत्रकात 45 टक्के एनटीएससी (पडदा किती रंग दाखवतो याचं एक जुनं माप) असं लिहिलेलं असेल तर तो पडदा एसआरजीबीचे जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंग दाखवतो. त्याला कुठल्याही सेटिंगनं उरलेले रंग येणार नाहीत. व्हायब्रन्स ताणून त्याला छळू नका, वेगळा मॉनिटर जोडा.

एचडीआरचंही, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद काळोख एकाच चित्रात दाखवण्याच्या तंत्राचंही, थोडं असंच आहे. डिस्प्लेएचडीआर 400 चा शिक्का असलेल्या पुष्कळ मॉनिटरांत मागचा दिवा भागाभागानं मंद करायची सोय नसते, आणि एचडीआर चालू केल्यावर सगळं पुन्हा करडं दिसतं. विंडोज, अल्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबून ते चालू-बंद करता येतं. दोन्ही चित्रं स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि ठरवा. ओलेड पडदा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे काळा ठिपका खरोखर विझतो आणि एचडीआरचा सोहळा बघण्यासारखा असतो.

ड्रायव्हर नव्यानं टाकला किंवा केबल बदलली की हर्ट्झ आणि रेंज या दोन सेटिंग गुपचूप मूळ जागी जाऊ शकतात. भाच्यानं वहीचा कागद फाडून मॉनिटरच्या पायापाशी चिकटवलाय: "144. फुल. गॅमा 2.2. ब्राइटनेस 34. व्हायब्रन्स 50." परवा फोनवर म्हणाला, अपडेटनंतर रात्र पुन्हा राखेसारखी झाली होती, कागद बघून दोन मिनिटांत काळी केली.